बेस गिटार, टॅब आणि केरवा: घरबसल्या रॉक गाणी वाजवायला शिकायची तर

आधीच सांगून टाकतो, टॅब (कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते आकड्यांत लिहिलेला कागद) बघून बेस शिकता येतो. मी तसाच शिकलो, कुडाळला राहून, क्लास नाही, सर नाही, मोबाईल आणि एक दोनशे पानी वही बस. पण पहिलं वर्ष फुकट गेलं, कारण मला वाटायचं टॅब म्हणजेच गाणं. तसं नसतं. टॅब फक्त बोट कुठे ठेवायचं ते सांगतो. कधी ठेवायचं आणि मुख्य म्हणजे कधी उचलायचं हे त्यात जवळजवळ नसतंच, आणि बेसची सगळी मजा त्या "कधी"मधे आहे. हे जर भजनात वाढलेल्या मला कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं, कारण ते "कधी" आपल्याकडे आधीपासूनच असतं. ते कसं वापरायचं त्यावर खाली येतोच.

वाद्य ज्यांच्याकडे नवीन आहे त्यांच्यासाठी पटकन. साध्या बेसला चार तारा, जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी. गिटारच्या जाड चार तारांचेच हे स्वर, फक्त एक सप्तक खाली. नटपासून (मानेच्या टोकाची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवरचा तारांचा टेकू) तार साधारण ३४ इंच असते, म्हणजे फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांमधली घरं) लांब लांब, म्हणून ज्यांची बोटं लहान त्यांनी ३० इंचाचा शॉर्ट स्केल मिळतो का बघा. मी सेकंडहँड बेस मुंबईहून कोकणकन्याने आणला, रात्रभर मांडीवर आडवा धरून, आणि घरी पिशवीतून काढल्यावर आजीने तारा मोजल्या आणि म्हणाली, "ह्येका चारच? दोन खंय गेले?" तर मंडळी, कुठे गेले नाहीत, चारच असतात. (पाच तारांचा पण येतो, त्यात जाड बाजूला एक बी असते, पण सुरुवातीला तो नको.)

आता टॅब. चार आडव्या रेघा म्हणजे चार तारा, रेघेवरचा आकडा म्हणजे फ्रेट, ० म्हणजे तार मोकळी. डावीकडून उजवीकडे वाचत जायचं. इथे सगळे एकदा तरी फसतात: टॅबमधे सगळ्यात खालची रेघ जाड ई तार आहे आणि सगळ्यात वरची बारीक जी, पण आपण बेस गळ्यात घालून खाली बघतो तर जाड तार वर दिसते. उलटं का? बेस मांडीवर पाठीवर निजवा, तारा छताकडे. आता पोटाजवळची तार कुठली? जाड. लांबची? बारीक. कागद पण तसाच समोर ठेवलेला आहे असं समजा, जवळची रेघ जाड. हे एकदा डोक्यात बसलं की परत गोंधळ होत नाही.

हे बघा, मीच बनवलेला एक साधा तुकडा, कुठल्या गाण्यातला नाही, पण असल्या चालीवर रॉकची ढीगभर गाणी उभी आहेत:

जी |-----------------|-----------------|
डी |-----------------|-----------------|
ए |-----------------|-५-५-५-५-५-५-५-५-|
ई |-३-३-३-३-३-३-३-३-|-----------------|

जी |-----------------|-----------------|
डी |-----------------|-----------------|
ए |-७-७-७-७-७-७-७-७-|-३-३-३-३-३-३-३-३-|
ई |-----------------|-----------------|

स्वर जी, डी, ई, सी. प्रत्येक खोक्यात आठ ठोके. डावा हात असा: पहिलं बोट तिसऱ्या फ्रेटवर, करंगळी पाचव्यावर. ७ आला की करंगळी उचलायची नाही, तारेवरच सैल करून घसरत न्यायची आणि सातव्यावर दाबायची, मग परत येताना पूर्ण हात तिसऱ्याकडे. बोट फ्रेटच्या पट्टीच्या अगदी मागे ठेवायचं, दोन पट्ट्यांच्या मधोमध नाही, नाहीतर दुप्पट जोर लागतो आणि तरी तार खरखरते. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने, चालताना पावलं पडतात तशी, अंगठा पिकअपवर (तारांखालची चुंबकाची पट्टी) टेकवलेला. एकाच बोटाने सगळं वाजवायची सवय लागली की सुटता सुटत नाही, मला सोडवायला सहा महिने लागले. बोटाला फोड आले तर दोन दिवस थांबा, फोडावर वाजवून कोणी बहाद्दर होत नाही.

आणि मोजायचं कसं? पुस्तकात "एक नि दोन नि तीन नि चार नि" असं असतं. मला ते कधी जमलंच नाही, तोंडात बसत नाही. मग एकदा मंडळात पखवाजाच्या बाजूला टाळ घेऊन बसलो होतो तेव्हा ट्यूब पेटली, की आपला केरवा ताल आठ मात्रांचा आणि हा खोका पण आठ ठोक्यांचाच आहे! धा गे ना ती ना के धी ना. वरचा तुकडा हे बोल तोंडाने म्हणत वाजवा, एका बोलाला एक ठोका. "धा"ला खोका सुरू, "धा"लाच स्वर बदलतो. सम (म्हणजे पहिली मात्रा) चुकली तर लगेच कळतं, आकडे मोजताना कळत नाही, कारण सम आपल्या अंगात लहानपणापासून आहे, आकडे शाळेतून आलेत.

फक्त एक फरक लक्षात ठेवा. केरव्यात पाचव्या मात्रेला "खाली" (बिनटाळीची मात्रा) येते, हात हलका होतो. सरळ रॉक बीटमधे तिथे खाली नाही, तिथे ड्रमचा किक (पायाने वाजवायचा मोठा ढोल) परत येतो. पहिल्या आणि पाचव्या मात्रेला किक, तिसऱ्या आणि सातव्या मात्रेला स्नेअर, म्हणजे तो "टाक" आवाज. गाणं लावा, बोल म्हणा आणि पहिल्या "ना"ला आणि मग "धी"ला टाळी द्या, बरोबर स्नेअरवर पडेल. बेसवाल्याचं खरं लग्न त्या किकशी लागलेलं असतं. पखवाजाला डाव्या बाजूला ओली कणीक लावतात ना, त्याने तो घुमारा येतो, बेस म्हणजे ती कणीक. भजन ऐकणाऱ्या कोणाला कणकेचं पडलेलं नसतं, पण काढून टाका आणि बघा भजन कसं पोकळ वाटतं ते.

टॅबमधे वेळ नसते म्हणजे नक्की काय, ते बघायचं तर व्हाइट स्ट्राइप्सचं २००३चं "सेव्हन नेशन आर्मी" घ्या. ए तारेवर सात आकडे: ७ ७ १० ७ ५ ३ २. झालं, एवढाच रिफ (परत परत येणारा तुकडा), जगभरच्या फुटबॉल स्टेडियममधे पब्लिक ओरडतं तो हाच. आता ज्याने गाणं ऐकलेलंच नाही अशा मित्राला हे सात आकडे द्या, तो सगळे सारख्या अंतराने वाजवेल आणि ते लिफ्टच्या संगीतासारखं वाटेल. खरं काय आहे, पहिला ७ दीड मात्रा ताणलेला (ह्या मात्रा खोक्याला चार ह्या हिशोबातल्या), मग मधले चार आकडे जरा घाईत, तिरके, आणि शेवटचे ३ आणि २ दोन दोन मात्रा भरून आरामात. हे कुठल्या टॅबने नाही सांगितलं, कानाने सांगितलं. गंमत म्हणजे ह्या रिफमधे बेस गिटार नाहीच, ती साधी गिटार आहे, पेडल लावून एक सप्तक खाली उतरवलेली. आपल्याला काय, बेसवर झकास बसतं.

म्हणून माझा नियम, गाणं आधी दहा वेळा ऐकायचं, बेस हातात न घेता. आणि ऐकायचं इअरफोनवर. हे फार महत्त्वाचं आहे आणि कोणी सांगत नाही: मोबाईलच्या स्पीकरमधून बेस येतच नाही. ई तार मोकळी वाजवली तर ४१ हर्ट्झ, तो एवढासा स्पीकर तिथपर्यंत पोचणार कसा. मी पहिले काही महिने स्पीकरवर गाणी ऐकून "ह्या गाण्यात बेसच नाही" असं ठामपणे लोकांना सांगायचो. तेच ट्यूनर ॲपचं. मोबाईलचा माईक ई तारेला गडबडतो, काटा नुसता नाचतो. तेव्हा बाराव्या फ्रेटच्या पट्टीच्या बरोब्बर वर तारेला बोट नुसतं टेकवा, दाबू नका, छेडा आणि बोट काढा, घंटेसारखा आवाज येईल तो एक सप्तक वरचा, ८२ हर्ट्झचा. त्यावर ॲप शहाण्यासारखं वागतं. जमलं तर बेसच्या डोक्याला लावायचा क्लिपवाला ट्यूनर घ्या, तो कंपनावर चालतो, बाजूला मिक्सर लागला तरी फरक पडत नाही.

ऐकून झालं की बेसची लाइन तोंडाने म्हणायची, डुम डुम डुडुम, लाज सोडून. तोंडाने येत नाही ते हाताने येत नाही. मग वहीत गाण्याचा सांगाडा लिहायचा: सुरुवात इतके खोके, कडवं इतके, धृपद इतके, मधला वेगळा तुकडा, परत धृपद. रॉक गाण्यांत हे बहुतेक चार किंवा आठच्या पटीत येतं. हे लिहिल्यावर कळतं की चार पानी टॅबमधे खरं शिकायचे तुकडे तीनच आहेत, बाकी सगळं रिपीट. टॅब बघून जी माणसं घाबरतात ना ती पानं बघून घाबरतात.

टॅबमधली इतर चिन्हं पटकन: इंग्रजी एच म्हणजे हॅमर-ऑन, उजव्या हाताने न छेडता डाव्याचं बोट आपटून स्वर काढायचा. पी म्हणजे पुल-ऑफ, त्याचं उलटं, बोट ओढून काढायचं. तिरकी रेघ म्हणजे घसरत जायचं. एक्स म्हणजे तार नुसती झाकून "टक" करायची, त्यात स्वर नाही. नागमोडी रेघ म्हणजे स्वर हलवायचा. कंसातला आकडा दिसला तर एकतर तो हळू वाजवायचा असतो नाहीतर मागचा स्वर पुढे चालू ठेवायचा असतो, कोणता ते परत कानालाच विचारा.

आता टॅबवर विश्वास किती ठेवायचा. कमी. नेटवरचे बहुतेक टॅब तुमच्या माझ्यासारख्यांनीच लिहिलेले असतात, कोणी रात्री दोन वाजता कानाने काढून टाकलेले. एकाच गाण्याचे दोन तीन टॅब उघडा. स्वर सारखे आणि जागा वेगळ्या असतील तर घाबरू नका, बेसवर एकच स्वर अनेक ठिकाणी असतो. हिशोब सोपा आहे: बारीक तारेवरून शेजारच्या जाड तारेवर गेलात की आकड्यात पाच मिळवा. ए तारेवरचा २ म्हणजे ई तारेवरचा ७. जिथे हात कमी पळतो ती जागा निवडा. जाड तारेवर वरच्या (मोठ्या आकड्याच्या) फ्रेटला वाजवलं की आवाज गोल आणि बोजड येतो, बारीक तारेवर खालच्या (लहान आकड्याच्या) फ्रेटला चकचकीत, मूळ गाण्यात कुठला आहे ते ऐकून ठरवा.

आणि सगळेच स्वर सारखेच एक फ्रेट चुकल्यासारखे वाटत असतील तर तुमचा हात चुकत नाहीये, गाण्याचं ट्यूनिंग वेगळं आहे. हेंड्रिक्स, गन्स एन रोझेस वगैरे मंडळी सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवून वाजवायची. टॅबच्या डोक्यावर तसं लिहिलेलं असतं, आपण ते वाचत नाही. मी नाही वाचलं. कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही तिघांनी आपापल्या घरी प्रॅक्टिस केली, एकत्र फक्त आदल्या दिवशी, ते पण घाईत आणि नुसतं हेडफोन लावून. गिटारवाल्याने ओरिजिनल ऐकून तारा अर्धा स्वर उतरवलेल्या, मी टॅबवरचे आकडे बघून नॉर्मल ट्यूनिंगला. पहिला स्वर दोघांनी एकदम वाजवला आणि असा काही आवाज आला की पहिल्या रांगेतल्या बाईंनी कानातलं श्रवणयंत्र चाचपलं. पूर्ण पहिलं कडवं तसंच गेलं, मी नंतर वाजवायचं नाटक करत नुसता हात हलवत राहिलो. वर आवाज भोंग्यातून सोडलेला, भोंग्यातून तसा पण बेस बाहेर पडत नाही, म्हणून बहुतेकांना वाटलं गिटारच बेसूर आहे. तो मित्र अजून ऐकवतो.

पहिली गाणी कुठली घ्यावी? यूटूचं १९८७चं "विथ ऑर विदाउट यू" सगळ्यात आधी. चार स्वर, डी ए बी जी, त्याच क्रमाने जवळजवळ पूर्ण गाणं, प्रत्येकाला आठ ठोके, म्हणजे आपला केरवाच, वेग मिनिटाला ११०च्या आसपास. दहा मिनिटांत आकडे येतात आणि मग कळतं की पाच मिनिटं एकसारखं, न घाई करता, न ढेपाळता वाजवणं म्हणजे काय. ठोके हळूहळू पळायला लागतात, विशेषतः धृपदाला जोश आला की. आरतीत शेवटी शेवटी टाळ पळतात ना, तेच.

त्यानंतर वर सांगितलेला सात आकड्यांचा रिफ. आणि मग क्वीनचं १९८०चं "अनदर वन बाइट्स द डस्ट", त्यांच्या बेसवाल्याने, जॉन डीकनने लिहिलेलं. ह्यात मुख्य रिफ बराचसा ई स्वरावर आहे, ठोका ठोका ठोका आणि मग गप्प. ते गप्प महत्त्वाचं. टॅबमधे तिथे नुसती रेघ दिसते आणि नवीन माणूस काय करतो तर बोट तसंच ठेवतो, तार मागे घुमत राहते, गाण्याचा जीव गेला. तार बंद करायला शिकायचं आहे. मोकळी तार असेल तर डाव्या हाताची बोटं तारेवर हलकेच आडवी टाकायची, दाबलेली असेल तर बोट सैल करायचं पण तारेवरून उचलायचं नाही. शिवाय बाकीच्या तारा पण शांत हव्यात, म्हणून बारीक तारांवर वाजवताना अंगठा ई तारेवर टेकवून ठेवा. हे एक गाणं नीट बसवलंत तर पुढची वीस सोपी जातील, असं माझं तरी मत आहे, ह्यावर मी दोन महिने घालवले आणि वाया गेले असं वाटत नाही.

वेग वाढवायची पद्धत सगळ्यांना माहीत असते आणि कोणी पाळत नाही. मेट्रोनोम (टिकटिक करून लय देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६०वर, तुकडा सलग चार वेळा न चुकता, मग ५ने वर. चुकलात तर खाली या. यूट्यूबवर स्पीड ०.७५ करता येतो, सूर तोच राहतो, त्यामुळे मूळ गाण्याबरोबरच हळू वाजवता येतं. आठवड्याला एकदा मोबाईलवर स्वतःचं रेकॉर्डिंग करा, ॲम्पसमोर मोबाईल ठेवून, आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी नको, त्याच दिवशी सगळं भारीच वाटतं.

आता आपल्याकडच्या अडचणी. लाईट. संध्याकाळी प्रॅक्टिसला बसलं की जाते. मग ॲम्प बंद, आणि इलेक्ट्रिक बेस नुसता वाजवला तर डासाएवढा आवाज. ह्याला एक जुगाड: बेसच्या बॉडीचं वरचं शिंग लाकडी कपाटाला किंवा दाराला टेकवून वाजवा. आमच्याकडे माजघरात फणसाच्या लाकडाचं जुनं कपाट आहे, त्याला पाठ आणि बेसचं शिंग दोन्ही टेकवून बसलो की कपाट बोलायला लागतं, आतल्या पितळी भांड्यांसकट. ए तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटला एक विशिष्ट तांब्या वाजतो. मधे कापड लावा, पॉलिश जातं, दोन्हीचं.

दुसरी अडचण हवा. खारी हवा, पाऊस, घाम, तारांना गंज लागायला वेळ लागत नाही. वाजवून झालं की प्रत्येक तार खालून वरून सुती फडक्याने पुसा, रोज. नवीन सेट घेताना स्टेनलेस स्टील किंवा कोटिंगवाला बघा, जाडी (इंचाच्या हजाराव्या भागात) सहसा ४५ ते १०५ असते, पाकिटावर लिहिलेलं असतं, आणि जूनच्या आधी मागवून ठेवा कारण पावसात घाट बंद झाला की कुरियर कधी येईल ते देव जाणे. पावसाळ्यात बेस बंद पिशवीत कोंडू नका, बुरशी धरते, भिंतीला पण नको, ओल येते. आतल्या खोलीत स्टँडवर, वरून जुनी सुती साडी. पिशवीत ठेवायचाच तर सिलिका जेलच्या पुड्या टाका. दमटपणाने नेक (मान) जरा हलतो, तारा उंच झाल्या किंवा खरखरायला लागल्या तर आतला ट्रस रॉड (मान सरळ ठेवणारी सळई) पाव फेरा, फक्त पाव, आणि मग दिवसभर थांबून बघायचं. जमत नसेल तर जाणकाराकडे न्या, जोर लावू नका.

आणि फ्रेटबोर्डला खोबरेल लावू नका. मला माहितीये, आपल्याकडे केसापासून बिजागरीपर्यंत सगळ्याला खोबरेलच लागतं, आजीने मला वाटी आणून दिलेली, पण ते लाकडात मुरून खवट होतं, चिकट होतं, धूळ धरतं.

शेवटचं, ज्या गाण्याचा टॅब कुठेच मिळत नाही त्याचं काय. हिंदी मराठी गाण्यांचे बेस टॅब शोधत बसलात तर म्हातारे व्हाल. तिथे मग वही काढायची, चार रेघा मारायच्या आणि स्वतः लिहायचा. गाणं लावून ई तारेवर एक एक फ्रेट वर सरकत जा, जिथे तुमचा स्वर गाण्यात विरघळून दिसेनासा होतो तो पहिला आकडा. तो लिहा. खाली बोल लिहा, धा गे ना ती, म्हणजे वेळ पण लिहिली जाते, छापील टॅबमधे नसते ती. मी ह्या गणपतीत मंडळाच्या एका अभंगाचा असा टॅब बनवला, आठ ओळींचा, आणि पखवाजवाल्या काकांना दाखवला. त्यांनी आकडे सोडले, खालचे बोल वाचले आणि म्हणाले, "चौथ्या खोक्यात एक मात्रा कमी लिवलंस." बरोबर होतं त्यांचं.